उताऱ्यावर 'सरकार' लिहिले म्हणून जमीन विकायची का?

खाजनकाठी

परवा 'फोंडेकर नोकरदार' यांनी येथे लिहिले की, सरकारला जमीन राखता येत नाही, पडीक जमीन म्हणजे अतिक्रमणाला आवतण, तेव्हा ती जाहीर लिलावात विकून राज्याचे कर्ज फेडावे. दोन दिवस मी गप्प होतो, परंतु त्यावर पडलेल्या 'अगदी बरोबर' च्या रांगा पाहून राहवले नाही.

गोव्यात 'सरकारी जमीन' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. यातली बरीच जमीन सरकारने कोणाकडून विकत घेतलेली नाही. 1961 साली पोर्तुगीज राज्याच्या नावावर जे होते ते आपसूक आले, आणि 1968 च्या भू-महसूल संहितेनंतर सत्तरच्या दशकात जो सर्व्हे झाला, त्यात ज्या तुकड्यावर कोणी कागद घेऊन उभा राहिला नाही, त्यावर अनेक ठिकाणी सरकारचे नाव लागले. आमच्या मोरडीवर (उंचवट्याच्या जमिनीवर) सर्व्हेवाले आले त्या दिवशी आजोबा मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या झडपेच्या, फळ्या बदलायला खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात) उतरले होते, कारण भरती कोणासाठी थांबत नाही. ते संध्याकाळी चिखलाच्या पायांनी घरी आले तोवर मोजणी उरकली होती. आजही त्या नमुना एक व चौदाच्या उताऱ्यात कब्जेदाराच्या रकान्यात 'सरकार' आहे आणि इतर हक्कांच्या रकान्यात एक आडवी रेघ आहे. काजूची झाडे मात्र आजोबांनी लावलेली आहेत आणि बोंडू आम्हीच वेचतो. आता ही जमीन 'पडीक' ठरवून कोणी लिलावात पुकारली, तर सरकार नेमके कोणाचे विकत असेल?

शिवाय हा प्रयोग करून झालेला आहे. केरीचा भूतखांबचा सडा, म्हणजे पठार, आठवा. नायलॉन 6,6 च्या कारखान्यासाठी तो घेतला, 1995 साली गोळीबारात एक तरुण गेला आणि कंपनी तामिळनाडूत गेली. पुढे तोच सडा विशेष आर्थिक क्षेत्रासाठी दिला, पुन्हा लोक रस्त्यावर आले, 2010 साली उच्च न्यायालयाने ती वाटपे रद्द केली आणि 2018 मध्ये सरकारने या क्षेत्रांच्या प्रवर्तकांना 250 कोटींहून अधिक रक्कम व्याजासकट परत करण्याचे ठरवले. ते व्याज तुमच्याआमच्या खिशातले आहे.

फोंडेकर नोकरदार

आपण मुद्दा मांडला, पण दाखला माझ्याच बाजूचा दिला. ती जमीन विकली नव्हती. औद्योगिक विकास महामंडळाने ती भाडेपट्ट्याने दिली होती, आणि न्यायालयाने बोट ठेवले ते वाटपाच्या रीतीवर. उघड लिलाव झाला असता तर ना घाई झाली असती, ना व्याज भरावे लागले असते. म्हणजे आपल्या उदाहरणावरून फार तर एवढे सिद्ध होते की, मंत्र्यांच्या मर्जीने जमीन वाटू नये. मीही तेच म्हणतो.

आता माझे ऐका. मी चौदा वर्षे भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. खिडकीसमोर सरकारी जमिनीचा तुकडा आहे. पहिल्या पावसाळ्यात तिथे निळी ताडपत्री आली, दिवाळीपर्यंत ताडपत्रीखाली चिऱ्यांचे चार थर चढले, पुढच्या चतुर्थीला गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधलेली दिसली आणि त्यानंतर वीजजोडणी व घरक्रमांकही आला. भू-महसूल संहितेच्या 2025 च्या दुरुस्तीने 28 फेब्रुवारी 2014 पूर्वीच्या अशा घरांना 400 चौरस मीटरपर्यंत मालकी मिळण्याची सोय केली. सरकार जमीन विकतच आहे; फक्त रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला नव्हे, तर रांग मोडणाऱ्याला. आपल्याला काजू आठवतात, मला माझा घरमालक आठवतो.

सत्तरीची लेक

'रांग मोडणारा' हा शब्द आपण जपून वापरावा, ही विनंती. आमच्या तालुक्यात चार पिढ्या ज्या डोंगरावर नाचणी आणि काजू पिकवली, त्या डोंगराच्या कागदावर आम्ही कुठेच नाही. आधी मोकाशांचे, म्हणजे जहागीरदारांचे, राज्य, मग सरकारचे. शेळ-मेळावलीत आयआयटीसाठी जमीन आखली तेव्हा कागदावर ती सरकारचीच होती. जानेवारी 2021 मध्ये गावच्या बाया वाटेवर आडव्या झाल्या नसत्या, तर तुमच्या व्याख्येने आम्ही अतिक्रमक ठरलो असतो. घरे नियमित करण्याच्या 'म्हजे घर' योजनेने आमचे घर कदाचित आमचे होईल, पण ज्या बागायतीवर ते घर चालते तिचे काय? घर हा चार भिंतींचा प्रश्न आहे, असे फक्त फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला वाटते.

फोंडेकर नोकरदार

फ्लॅट असता तर बरे झाले असते, बाई. मी 'भाड्याच्या खोल्या' असे लिहिले होते.

गावकार, तिसवाडी

आपण सगळे सरकारच्या जमिनीवर भांडत आहात, परंतु जी सरकारची कधीच नव्हती तिच्यावरही सरकारने हात घातला आहे, याबद्दल कोणी बोलत नाही. गावकारी, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था, जिला पोर्तुगीजांनी कोमुनिदाद म्हटले, ती पोर्तुगीजांच्या आधीची आहे; 1526 च्या फोरालाने (पोर्तुगीज सनदेने) ती निर्माण केली नाही, तिच्या रूढी फक्त लिहून घेतल्या. बांध राखणे, मानस चालवणे, देवळाचा खर्च, हे सारे तिच्या उत्पन्नातून होत असे. आज कोमुनिदादीला स्वतःचा पैसा खर्चायला सरकारी आडमिनिस्ट्रेटरच्या सहीची वाट पाहावी लागते, आणि त्याच वेळी 1961 च्या कोमुनिदाद संहितेत दुरुस्ती करून आमच्या जमिनीवरची बेकायदा घरे 300 चौरस मीटरपर्यंत नियमित करण्याची वाट काढली जाते. यात कोमुनिदादीची संमती लागते खरी, पण मतपेटीकडे बघणारे सरकार ती संमती कशी मिळवते, हे सांगायला नको.

खाजनकाठी

गावकार बाब, विषय कोमुनिदादीकडे नेऊ नका.

गावकार, तिसवाडी

मी कुठेही नेलेला नाही; तो तिथेच होता. आपल्या आजोबांची मानस कोणाची होती, ते आधी विचारून घ्या.

फोंडेकर नोकरदार

आणि आमच्या गावच्या कोमुनिदादीचे पूर्वीचे पदाधिकारी पंचवीस वर्षांपूर्वी कोणाला भूखंड देत होते, तेही विचारू या. माझ्या वडिलांनी रीतसर अर्ज केला होता. त्यांना 'पुढच्या बैठकीत पाहू' असे तीन वेळा सांगण्यात आले आणि भूखंड अशा गृहस्थाला मिळाला, ज्याने गावात एक रात्रही काढलेली नव्हती. जमीन गावाची म्हणा किंवा सरकारची, वाटणारा हात बंद दाराआड असला की सारखाच वागतो. म्हणून लिलाव.

गावकार, तिसवाडी

काही समित्या नासल्या हे मी नाकारत नाही. नाकारले तर गावातलेच लोक हसतील. परंतु लिलावात बोली कोण जिंकेल हे आपल्यालाही ठाऊक आहे. दिल्लीचा बिल्डर जिंकेल, आणि आपण तेव्हाही भाड्याच्या खोल्यांतच असाल, फक्त खिडकीसमोर ताडपत्रीऐवजी काचेची भिंत असेल.

सत्तरीची लेक

हे मात्र खरे आहे. 3702 चौरस किलोमीटरच्या राज्यात जमीन एकदा गेली की दुसरीकडून आणता येत नाही. मोपाला सार्वजनिक हितासाठी म्हणून शेतकऱ्यांची जमीन घेतली आणि विमानतळ 40 वर्षांच्या करारावर खाजगी कंपनीकडे दिला. तिथे निदान करार संपल्यावर परत मागता तरी येईल.

खाजनकाठी

भाडेपट्ट्याबाबत फोंडेकरांनी काढलेली चूक मान्य करतो. भूतखांबच्या बाबतीत 'विकून झालेले आहे' असा अर्थ निघेल असे मी लिहायला नको होते. पण माझे म्हणणे तसेच राहते. जिथे कुळ, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) किंवा वहिवाटदार उभा आहे तिथे आधी हक्क ठरवावेत, खरोखर मोकळी उरेल ती जमीन ठरावीक मुदतीच्या पट्ट्याने, उघड बोलीने द्यावी, आणि त्यातला एक भाग गोव्यात जन्मून घर नसलेल्यांसाठी बाजूला ठेवावा.

फोंडेकर नोकरदार

वा! शेवटी उघड बोली आलीच. ती फक्त आपल्या तोंडून आली म्हणून पवित्र झाली. बरे, मुदतीचा पट्टा तर मुदतीचा पट्टा, मी तेवढ्यावर येतो. पण 'आधी हक्क ठरवावेत' हे आपण ज्या सहजतेने लिहिता, त्याचे मला नवल वाटते. मुंडकार कायदा 1975 चा आहे. माझ्या मावशीने घराच्या जागेसाठी त्याखाली दावा केला तेव्हा मी शाळेत होतो. तीन मामलेदार बदलले, एकदा फाईल गहाळ झाली, एकदा भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा, मुलगा परदेशात म्हणून नोटीस पोचली नाही. मावशी गेल्याला सहा वर्षे झाली. आता तिच्या वारसांची नावे दाव्यात लावून घेण्याचा अर्ज सुनावणीला आहे, आणि पुढची तारीख चतुर्थीनंतरची दिली आहे.