दर सोमवारी विश्वास दृढच कसा होतो?

रानवाट
परवा या मंचावर एकाने मॉर्मन चर्चच्या (अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ) एका तरुण मिशनऱ्याबद्दल भरभरून लिहिलं. १९ वर्षांचा मुलगा, दोन वर्षांचा धर्मप्रचार, अनोळखी महानगर आणि दर आठवड्याला, सोमवारी, घरी पत्र. पत्राचा साचा ठरलेला: या आठवड्यात फार थकलो, भेटतो म्हणालेला माणूस आलाच नाही, सोबत नेमलेल्या जोडीदार मिशनऱ्याशी खटके उडाले, पण प्रभूवरचा विश्वास आणखी दृढ झाला. शेवटी लेखकाचा सवाल, 'आपल्या मुलांत ही जिद्द कुठे आहे?' दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

जिद्दीबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझी तक्रार पत्राबद्दल आहे. दोन वर्षं म्हणजे १०४ आठवडे. त्यातल्या एकाही आठवड्यात विश्वास डळमळत नाही?

माझा मामेभाऊ एका वेगळ्या संस्थेकडून असाच मोठ्या शहरात गेला होता. त्याची पत्रं घरात मोठ्याने वाचली जायची. परतल्यावर तीन महिने तो कुणाशी धड बोलला नाही. पुढे कधीतरी त्याने मला त्याची वही दाखवली. एका पत्रात होतं, 'आज एका आजोबांशी फार सुंदर बोलणं झालं.' त्याच तारखेला वहीत होतं, 'आजोबांनी माझं काही ऐकलं नाही. पाचवा मजला चढून दम लागला होता, म्हणून खुर्ची पुढे केली आणि पाणी दिलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा कुणी बस म्हणालं.' मला त्याचं हे वाक्य त्याच्या सगळ्या पत्रांपेक्षा जास्त धार्मिक वाटतं. ते घरी का लिहिता आलं नाही?

उत्तरायण
मी स्वतः १८ महिने हे काम केलंय, तेव्हा लांबून बघणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. आठवड्याचं पत्र ही साक्ष असते. साक्ष आणि रोजनिशी यांत फरक आहे. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात येशूने पाठवलेले शिष्य आनंदाने परत येतात आणि काय घडलं ते सांगतात. वाटेत किती जणांनी हाकललं याची यादी देत बसत नाहीत.

आणि शहराबद्दल सांगते. 'दार तोंडावर बंद झालं' असं लोक लिहितात, पण महानगरात दार उघडतच नाही. खाली बटणांची पाटी असते. आपण बटण दाबतो, जाळीतून आवाज येतो, 'नको', आणि खट्. एका संध्याकाळी आम्ही दोघींनी एका इमारतीची चाळीस बटणं दाबली आणि एकही चेहरा पाहिला नाही. शेवटच्या बटणाला एक लहान मूल म्हणालं, 'आई झोपलीय, तुम्ही कोण?' माझी जोडीदारीण तिथेच पायरीवर बसून रडली. मी घरी लिहिलं, 'आज एका मुलाचा आवाज ऐकला आणि बरं वाटलं.' ते खोटं होतं का? मला खरंच बरं वाटलं होतं.

कातरवेळ
ज्यांची चाळीस बटणं दाबली त्यांचं काय? रात्रपाळी करून कुणी झोपलेलं असतं, कुणाकडे आजारी माणूस असतं. माझे वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा दोन मुलं दारात उभी राहिली आणि 'तुम्हाला शांती हवी आहे का' असं विचारू लागली. मला शांती हवीच होती, म्हणजे त्यांनी जावं असं वाटत होतं. तुमच्या श्रद्धेची परीक्षा आमच्या उंबरठ्यावर कशाला?

उत्तरायण
वडिलांबद्दल वाईट वाटलं. पण 'नको' म्हटल्यावर ती मुलं गेली ना?

कातरवेळ
गेली. 'आम्ही प्रार्थना करू' म्हणून गेली. त्यातल्या धाकट्याचे डोळे भरले होते, हेही सांगतो. म्हणून दारावर येणं योग्य ठरत नाही.

सुईदोरा
तुम्ही सगळे पत्रावर भांडताय, माझं लक्ष फोनवर आहे. याच चर्चमध्ये २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. मग नियम बदलला आणि दर आठवड्याला बोलायची मुभा मिळाली. त्याआधीच्या आयांचा विचार कोणी केला? २०१२ पासून मुलगे १८ व्या वर्षी जाऊ शकतात. आईने अठरा वर्षं वाढवायचं आणि मग दोन फोनांवर वर्ष काढायचं!

माझा मुलगा एका वसतिगृहात होता. तिथे रविवारी दहा मिनिटं फोन, मागे रांग. तो दर वेळी 'मजेत आहे' म्हणायचा, मी विश्वास ठेवायचे. सहामाहीला घरी आला तेव्हा शर्ट अंगावर हातभर सैल. 'सांगितलं का नाही?' विचारलं तर म्हणाला, 'आई, मागे पोरं ऐकत असतात.' तेव्हापासून 'शिस्तीसाठी' हा शब्द ऐकला की माझं डोकं उठतं.

अक्षांश
सुईदोरा, त्या नियमामागे विचार होता. रोज घरी बोलणारा मुलगा मनाने घरीच राहतो. नव्या शहरात रुजायचं तर थोडं तुटावं लागतं. मदर तेरेसा १९२८ मध्ये १८ वर्षांच्या असताना घरातून निघाल्या, त्यांची आईशी पुन्हा भेट झाली नाही.

सुईदोरा
आणि हे तुम्ही कौतुकाने सांगताय? त्या आईला विचारलं होतं का कुणी? मुलगी संत झाली, ठीक. आई वाट बघत गेली त्याचं काय?

अक्षांश
आवाज चढवू नका. मी फक्त दाखला दिला.

सुईदोरा
चढवणार. दाखले नेहमी मुलांचे असतात, आईचा दाखला कधी देत नाही कुणी.

उत्तरायण
सुईदोराताई, तुमचा राग पोचतो. पण मी सांगू? आठवड्याला फोन नव्हता याचं मला कधीकधी बरं वाटायचं. आईचा आवाज ऐकला असता तर तिसऱ्या आठवड्यातच सामान बांधलं असतं. तिथे राहिले म्हणून चौथ्या महिन्यात मला ते शहर आवडू लागलं.

सुईदोरा
तुमच्या आईला काय वाटायचं?

उत्तरायण
विचारलं नाही कधी.

रानवाट
फोनवरून मूळ मुद्द्यावर येतो. अक्षांश, मदर तेरेसांचं नाव काढलंत तर पुढचंही सांगा. त्यांची खासगी पत्रं २००७ मध्ये छापली गेली. देव जवळ नाही, प्रार्थना रिकामी वाटते, असं त्यात कितीतरी वर्षांचं लिहिलेलं आहे. हे त्यांनी आपल्या धर्मगुरूंना लिहिलं होतं आणि ती पत्रं नष्ट करावीत अशी विनंतीही केली होती. एवढ्या मोठ्या बाईला अंधाराबद्दल लिहायला एक बंद पाकीट होतं. १९ वर्षांच्या पोराला कोण आहे? पत्र घरचे आणि चर्चमधलेही वाचू शकतात, जोडीदार सतत नजरेसमोर, आणि तोही काही आठवड्यांनी बदलणार.

अक्षांश
इथे मात्र मान्य करावं लागेल. जुने मिशनरी पाहा. विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालात आले, त्यांच्या हातून पहिला बाप्तिस्मा (ख्रिस्ती दीक्षा) १८०० च्या अखेरीस. जडसन १८१३ मध्ये ब्रह्मदेशात पोचले, पहिला माणूस ख्रिस्ती झाला १८१९ मध्ये. कॅरींना दर सोमवारी 'या आठवड्यातलं यश' लिहायला लावलं असतं तर सात वर्षं काय लिहिलं असतं? आपण मुलाला दोन वर्षं देतो आणि हिशेब मागतो आठवड्याचा. पण पत्र बंद करा असं मी म्हणणार नाही. एवढ्या एकटेपणात तेवढा एक धागा असतो.

रानवाट
बंद करा असं मीही म्हणत नाही. दृढ नाही झाला, तर 'नाही झाला' असं लिहायची मोकळीक द्या.

उत्तरायण
मोकळीक कुणी काढून घेतलेली नसते. आपणच घेत नाही. बरं, सांगूनच टाकते. सातव्या महिन्यात मी एक पत्र लिहिलं होतं, 'आई, मला आत काहीच ऐकू येत नाही.' बॅगेच्या अस्तरात ठेवलं, पाठवलं नाही. आईने लगेच तिकीट काढलं असतं आणि मला परत यायचं नव्हतं. तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, रानवाट. अर्धाच.

कातरवेळ
माझ्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही.

उत्तरायण
देते. तुमच्या वडिलांच्या वेळी त्या मुलांनी पहिलं 'नको' ऐकून मागे फिरायला हवं होतं, प्रार्थनेचं मनात ठेवून. आम्हीही पुष्कळदा मागे फिरलो नाही. चूक होती.

रानवाट
काल रात्री मामेभावाला फोन केला, हा धागा वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'पुन्हा पाठवलं तर जाईन. पत्र मात्र फक्त आईला लिहीन, आणि तिला सांगेन मोठ्याने वाचू नकोस.'

उत्तरायण
'जाईन' म्हणाला ना? मग तीन महिने बोलला नाही हे जिथे लिहिलंय, तिथेच हेही लिहा.

रानवाट
लिहितो.