प्योर्टशाख म्हणे 'एका कपबशीवाल्याने वसवलं'!

खडूस_काका
परवा इथे ऑस्ट्रियाचं एक प्रवासवर्णन आलं. फोटो सुरेख, तक्रार नाही. पण मध्येच एक वाक्य ठोकून दिलंय: 'व्योर्टरझे तळ्याकाठचं प्योर्टशाख हे गाव अर्न्स्ट वालिस नावाच्या व्हिएन्नातल्या एका कपबशीवाल्याने वसवलं. आपल्याकडे असा एक माणूस निघत नाही.' खाली अनुमोदनांची रांग. तिथे लिहिलं असतं तर वाहून गेलं असतं, म्हणून वेगळा धागा.

वालिस (१८३७–१९००) तिथे जमिनी घ्यायला लागला तो १८८० नंतर. तळ्यात आगबोट १८५३ पासून होती. रेल्वे तळ्याजवळच्या क्लागेनफुर्ट शहरात १८६३ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी तळ्याच्या काठाने फिलाखला पोचली. जर्मन संगीतकार ब्राम्स १८७७, ७८, ७९ असे सलग तीन उन्हाळे तिथे राहिला. त्याची दुसरी सिंफनी आणि व्हायोलिन कॉन्चेर्टो तिथलेच. इथे सुरावटी इतक्या उडत असतात की पायाखाली येऊ नयेत म्हणून जपावं लागतं, अशा अर्थाचं त्याने पत्रात लिहून ठेवलंय. वेर्झरांची खाणावळही होती.

म्हणजे गाडी होती, बोट होती, जेवण होतं, संगीतकारसुद्धा होता. मग वालिसने वसवलं काय? रेल्वे कंपनीने आणलेल्या गिऱ्हाइकांसमोर दुकान मांडलं, बस. आणि 'आपल्याकडे का नाही' हे रडगाणं बंद करा. वेण्णा तलाव १८४२ चा आहे.

भांडीवाला_नाशिक
सपशेल असहमत. काका, तुम्ही कधी गल्ल्यावर बसलेले दिसत नाही.

आमचं भांड्यांचं दुकान. वडिलांना अर्ध्या गावाची आर्थिक परिस्थिती तोंडपाठ होती. कोणाकडे लग्न ठरलंय, कोण स्टीलवरून पितळेवर आलंय, कोण उधारीवर कळशी नेऊन वर तिच्यावर झोकात नाव घालून घेतंय. भांडी विकणाऱ्याला कोणाच्या घरी किती पानं उठतात हे कळतं. वालिसचं दुकान व्हिएन्नाच्या केर्न्टनर श्ट्रासंवर, म्हणजे पैसेवाल्यांच्या ऐन रस्त्यावर. तिथली कुटुंबं उन्हाळा काढायला आठ-पंधरा दिवस नाही, महिना-दोन महिने जायची. मुलं, मोलकरीण, पेट्या, सगळा बाडबिस्तरा. एवढं बिऱ्हाड खाणावळीत मावतं का? त्याने व्हिला बांधून भाड्याने दिले, हॉटेल काढलं, बाग केली. रेल्वे माणसाला स्टेशनवर सोडते. रात्री झोपायचं कुठे हे रेल्वे सांगत नाही.

खडूस_काका
सांगते की! त्याच रेल्वे कंपनीने, झ्युडबानने, टोब्लाखला १८७८ मध्ये, झेमरिंगला १८८२ मध्ये आणि समुद्रकाठी अबात्सियाला १८८४ मध्ये स्वतःची हॉटेलं काढली. अभ्यास वाढवा.

भांडीवाला_नाशिक
टोब्लाख, झेमरिंग, अबात्सिया. यात प्योर्टशाख कुठे दिसतंय का बघा. तेच म्हणतोय मी.

उगीच_एक
हहपुवा. काकांचा सेल्फ गोल. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मोहोर
अवांतर, पण विचारतेच. हा चिनीमातीचा व्यापारी म्हणजे हाडांच्या राखेचाच धंदा ना? आमच्या सासूबाई माळकरी. माझा भाऊ झेकला होता, त्याने लग्नात सहा कपबश्या दिल्या, इतक्या नाजूक की हात लावायला भीती वाटावी. पहिल्याच चहाला कोणीतरी म्हणालं, 'यात हाडं असतात.' सासूबाईंनी कप तसाच खाली ठेवला, आंघोळ केली, आणि सेट गेला माळ्यावर. त्याला नऊ वर्षं झाली. अशा माणसाचं कौतुक चाललंय म्हणून आठवलं.

भट्टीवाला
ताई, घोळ होतोय. मी याच धंद्यात आहे. बोन चायना ही इंग्लंडची चीज, अठराव्या शतकाच्या अखेरीची. तिच्यात जनावरांच्या हाडांची राख असते आणि ती चिमूटभर नसते, कधी कधी निम्म्याला जाते. युरोप खंडातलं पोर्सेलिन वेगळं: केओलिन म्हणजे पांढरी माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ ही खनिजं, आणि चौदाशे अंशांच्या आसपासची भट्टी. १७१० मध्ये माइसेनला सुरू झालं ते हेच. व्हिएन्नाचा कारखाना १७१८ चा, तोही याच जातीचा. तो १८६४ मध्ये बंद पडला. वालिसच्या घराण्याचा बोहेमियात, म्हणजे आजच्या झेकमध्ये, तेप्लित्सजवळ कारखाना होता.

मोहोर
तुम्ही धंद्यातले म्हणून तुमच्या मालाची बाजू घेणारच. चिनीमातीत हाडं असतात हे सगळ्यांना माहीत आहे.

भट्टीवाला
'सगळ्यांना माहीत आहे' हा पुरावा नव्हे. सासूबाई लोणचं कशात घालतात? बरणीतच ना? तीही चिनीमातीच म्हणवते. तिच्यात हाडं नाहीत, ती तर पोर्सेलिनसुद्धा नाही, जाड भाजलेलं झिलईचं भांडं आहे. बरणी चालते आणि कप विटाळतो?

मोहोर
सासूबाईंवर घसरायचं काम नाही. विटाळ हा शब्द मी काढलेला नाही. पंचाहत्तर वर्षांच्या बाईला केओलिन समजावून दाखवा, मग इथे शिकवा.

उगीच_एक
बरणीवर वेगळा धागा काढा रे. माझ्या आजीच्या बरणीचं झाकण...

खडूस_काका
धागा वालिसचा आहे!!! कोणाला त्या माणसाशी देणंघेणं आहे का?

डॅन्यूबकाठची
मला आहे. मी सोळा वर्षं व्हिएन्नात आहे आणि प्योर्टशाखला तीनदा गेले. रेल्वे की वालिस यावर तुम्ही भांडताय, पण काठ कोणाचा हे कोणीच विचारत नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मुलगी पाच वर्षांची. समोर पाणी दिसतंय, उन्हाळ्यात पंचवीस अंशांपर्यंत तापणारं, आल्प्सच्या मानाने ऊबदारच. आणि काठाने चालत जावं तर कुंपण, फाटक, 'खाजगी' अशी पाटी, पुन्हा कुंपण. पोरगी रडकुंडीला आली. शेवटी तिकीट काढून सार्वजनिक स्नानाच्या जागी गेलो. व्हिला बांधला की त्याला पाण्यापर्यंतची जमीन लागते. एकाने सुरुवात केली, पुढच्यांनी काठ संपवला. आज केर्न्टनमध्ये, म्हणजे तळ्याच्या प्रांतात, यावरून सतत वाद असतात.

भांडीवाला_नाशिक
म्हणजे शंभर वर्षांनंतरचं कुंपणही वालिसच्या डोक्यावर? आणि प्योर्टशाखला पाण्यालगत फुलांनी मढवलेला फिरायचा रस्ता आहे, तो तुम्ही गाळलात. क्लागेनफुर्टचा मोठा सार्वजनिक काठ १९२४ पासून आहे.

डॅन्यूबकाठची
फिरायचा रस्ता आहे, मान्य. फिरा आणि दुसऱ्यांना पोहताना बघा. क्लागेनफुर्टचं म्हणाल तर तो नगराचा काठ, कुठल्या व्यापाऱ्याचा नव्हे. उलट माझाच मुद्दा सिद्ध केलात, धन्यवाद.

खडूस_काका
हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, कबूल करतो. भांडीवाल्यांचंही अर्धं मान्य: राहायची सोय मोठ्या प्रमाणावर त्याने केली, आणि कंपनीने तिथे हॉटेल बांधलेलं नसताना केली. पण 'वसवलं' मान्य नाही म्हणजे नाही. फार तर 'भाड्याने दिलं' म्हणा.

भांडीवाला_नाशिक
आमच्या वडिलांना कोणी 'अर्धं मान्य' म्हटलं की ते उरलेले अर्धे पैसे रोख मागायचे. असो, पोचलं.

भट्टीवाला
मोहोरताई, वर आवाज चढला, त्याबद्दल सॉरी. कपाच्या बुडाला शिक्का असेल तो वाचा. शिक्का नसेल तर कप उजेडाला धरा: बोन चायना बहुधा दुधाळ, पिवळसर छटेची दिसते, पोर्सेलिन थंड, निळसर पांढरं. झेकहून आणलाय म्हणता, तर माझी पैज पोर्सेलिनवर.

मोहोर
पैजबिज काही नको. तरी स्टूल घेऊन माळ्यावरून खोकं काढलं. शिक्का पुसट, मेला वाचता येत नाही. ट्यूबलाइटला धरला तर निळसर वाटतोय. की ट्यूबच निळी आहे? उद्या सकाळी उन्हात धरते. सासूबाई उठायच्या आत.