अनुभव धागा: लेकरू वेगळं वागतं तेव्हा घरी आणि शाळेत काय करायचं

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि पेरणीची घाईही तेव्हाच असते. मोठी माणसं वावरात, घरी आजी आणि लेकरं. ज्या लेकराला रोजचा क्रम मोडलेला सोसत नाही, त्याचं घर आणि शाळा दोन्ही एकाच आठवड्यात बदलतात. म्हणून हा धागा आत्ताच काढत आहोत. गावपातळीवर लेकरांसोबत काम करणाऱ्यांना लिहायला बोलावलं आहे. विनंती एकच: स्वतःची कहाणी नको, हातातलं काम लिहा. काय करायचं, किती करायचं आणि ते कुठे फसतं.

अंगणवाडी सेविका, यवतमाळ जिल्हा

सुरुवात वयापासून करते. वर्षाचं लेकरू नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नाही, तर थांबायचं नाही. आणि आलेलं बोलणं किंवा हसणं गेलं, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात दाखवायचं. घरून हमखास ऐकू येतं, “त्याचा बापबी उशिराच बोलला.” वाद घालू नका. म्हणा, “हो, तसंही असेल; पण आधी कान तपासून घेऊ.” कानाचं नाव काढलं की घरचे तयार होतात. आणि कान तपासणं खरोखरच पहिलं काम आहे. कान वाहणारं किंवा कमी ऐकू येणारं लेकरू हाकेला वळत नाही आणि लोक त्याला हट्टी म्हणतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्यांच्याकडे लेकरासाठी मोजकी मिनिटं असतात आणि अनोळखी माणूस पाहून लेकरू गप्प बसतं. म्हणून मोबाईलवर एक-दोन मिनिटांचे तीन व्हिडिओ आधीच काढून ठेवा: मागून हाक मारताना, जेवताना आणि एकटं खेळताना. सोबत कधी, कुठे, काय झालं याची दोन आठवड्यांची नोंद असू द्या. पथकाने चिठ्ठी दिली की पुढची तपासणी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. बरीच लेकरं इथेच तपासणीतून निसटतात. चिठ्ठी घरी पडून राहते किंवा दिलेला मोबाईल नंबर बंद झालेला असतो. आजीचा किंवा शेजाऱ्याचा दुसरा नंबर त्या चिठ्ठीवर लिहून द्या.

विशेष शिक्षक, समावेशित शिक्षण, अमरावती जिल्हा

मी चित्रांच्या दिनक्रमाबद्दल लिहितो, कारण तो फुकटात होतो आणि सर्वांत जास्त चुकीचा केला जातो.

खोक्याचा पुठ्ठा घ्या आणि तळहाताएवढी चार कार्डं कापा. सुरुवातीला चारच. अंघोळ, भाकर, शाळा, खेळ. चित्र काढता येत नसेल तर लेकराच्याच वस्तूंचे फोटो छापून चिकटवा: त्याचीच बादली, त्याचंच ताट, त्याच्याच शाळेचं फाटक. पुस्तकातली चकाचक बाथरूम त्याला स्वतःची वाटत नाही. लेकराच्या डोळ्यांच्या उंचीवर, दाराजवळ सुतळी बांधा आणि कपडे वाळवायच्या चिमट्यांनी कार्डं लटकवा. एक काम झालं की लेकराने स्वतःच्या हाताने ते कार्ड काढून खाली डब्यात टाकायचं. ‘हे संपलं’ हे त्याला त्या टाकण्यातून कळतं. तो भाग गाळला तर सुतळीवर नुसती चित्रं लटकत राहतात.

फसतं कुठे? एक, मोठी माणसं तीन दिवस करतात आणि सोडतात. किमान तीन आठवडे रोज, सणाच्या दिवशीही. दोन, कार्डाचा धाक दाखवला जातो: “बघ, आता शाळेचं कार्ड लावीन हं.” असं केलं की त्या दिवसापासून लेकरू कार्डाकडे बघत नाही. तीन, अचानक झालेल्या बदलाला कार्डच नसतं. यासाठी एक कोरं लाल कार्ड ठेवा. मामा येणार, एसटीने तालुक्याला जायचं, गुरुजी रजेवर आहेत, असं काहीही असलं की ते लाल कार्ड आदल्या संध्याकाळी दाखवायचं आणि दोन वाक्यांत सांगायचं. बदल थांबवता येत नाही, पण तो येतोय हे आधी सांगता येतं.

शाळेत हीच कार्डं तशीच वापरा. घरी एक चित्र आणि वर्गात दुसरं, असं झालं तर लेकराला दोन भाषा शिकाव्या लागतात.

व्यवसायोपचार तज्ज्ञ, वर्धा

सरांच्या लिहिण्याला जोड. ज्या लेकराला बसवत नाही, सारखा पाय हलतो, अंग दाबून घ्यावंसं वाटतं, त्याच्यासाठी मांडीवर ठेवायची वजनाची पिशवी घरी शिवता येते. वजन लेकराच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २० किलोच्या लेकराला १ किलो. मांजरपाटाचं दुहेरी कापड घ्या, आत शिवणीने चार कप्पे करा आणि प्रत्येक कप्प्यात पाव किलो वाळलेली ज्वारी भरा. कप्पे केले नाहीत तर सगळी ज्वारी एका बाजूला घसरते. वरून काढून धुता येईल अशी खोळ घाला. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, मांडीवरच, आणि लेकराला ती स्वतः बाजूला करता आली पाहिजे. झोपेत नको, छातीवर किंवा मानेवर कधीच नको. फिट येणाऱ्या किंवा दम्याच्या लेकराला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. पावसाळ्यात ज्वारीला वास येतो, किडे होतात, आणि वासाला हळवं असलेलं लेकरू ती पिशवी फेकून देतं. आश्विनातल्या उन्हात दाणे काढून वाळवा किंवा बदला. सगळ्याच लेकरांना या पिशवीचा उपयोग होत नाही. दोन आठवड्यांत फरक दिसला नाही तर सोडून द्या, जबरदस्ती नको.

उन्हाळ्यातल्या कूलरबद्दलही लिहिते. काहींना त्याचा आवाज असह्य होतो. अशा लेकराची खाट कूलरपासून दूरच्या भिंतीला लावा. काहींना उलट फिरतं पातं इतकं आवडतं की ती त्यात बोटं घालतात. जाळी घट्ट हवी, अर्थिंग तपासलेलं हवं आणि पाणी भरताना प्लग काढलेला हवा. कूलरच्या शॉकने विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं दगावतात.

जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका, मेळघाट

चौथीतलं लेकरू वाचत नाही म्हटलं की लगेच ‘अध्ययन अक्षम’ लिहिलं जातं. आधी त्याची घरची भाषा विचारा. आमच्याकडे कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, यवतमाळ-वाशिमच्या तांड्यांवर गोरमाटी. त्या भाषेत त्याला गोष्ट सांगायला लावा, मोठ्या भावंडाला दुभाषा करा. गोष्ट क्रमाने, नीट सांगितली तर अडचण मराठीची आहे. त्याला मराठी बोलायला शिकवायची गरज आहे, प्रमाणपत्राची नाही. घरच्या भाषेतही यमक ओळखता येत नाही, शब्दातला पहिला आवाज वेगळा काढता येत नाही, आणि नीट शिकवूनही अडतंय, तेव्हा तपासणीला पाठवा. तिसरीच्या आधी हा शिक्का मारायची घाई नको. मदत मात्र पहिलीपासूनच करायची.

देवनागरीत अडतं कुठे ते ठरलेलं आहे. घ-ध, भ-म, थ-य, प-ष, ब-व या जोड्या. ‘कि’ची वेलांटी लिहायची अक्षराआधी आणि तिचा उच्चार करायचा नंतर. ‘सर्प’मधला रफार दिसतो प वर आणि ऐकू येतो प च्या आधी. म्हणून एकाच दिवशी घ आणि ध दोन्ही शिकवू नका. एक पक्कं झालं की आठवड्याने दुसरं. ताटात बोटभर कोरडी वाळू घ्या, तोंडाने आवाज काढत बोटाने अक्षर गिरवा. दिवसाला पाचच शब्द. पुठ्ठ्याला एक ओळ दिसेल एवढी खिडकी कापून पुस्तकावर ठेवली की डोळा खालच्या ओळीवर जात नाही. फळ्यावरचं पूर्ण उतरवून घ्यायला लावू नका. निम्मं छापून द्या आणि निम्मं त्याला लिहू द्या. आणि वर्गासमोर अचानक वाचायला उभं करू नका. उद्याचा उतारा आजच हातात द्या.

समुदाय आरोग्य अधिकारी, गडचिरोली

मॅडमच्या यादीत एक भर घालतो. आळशी, झोपाळू, लक्ष नसलेलं लेकरू आपल्या भागात सिकलसेलचं असू शकतं. या आजारात रक्त कमी असतं, अंग दुखतं, आणि काही लेकरांच्या मेंदूला वरून न दिसणारी इजा होऊन लक्ष व आठवण कमी पडते. तपासणी आरोग्य केंद्रात होते. अशा लेकराला वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या, लघवीला कधीही जाऊ द्या, उन्हात किंवा थंडीत कवायतीला उभं करू नका. दुखण्याने बुडलेल्या दिवसांचा अभ्यास एकदम लादू नका.

शिक्षक, बुलढाणा जिल्हा

अतिचंचल लेकरासाठी थोडक्यात. पुढच्या रांगेत, दार-खिडकीपासून दूर. एका वेळी एकच सूचना, आणि ती त्याच्याकडून म्हणवून घ्यायची. दहा मिनिटं काम, मग उठायचं काम: माठ भरणं, हजेरीचं रजिस्टर ऑफिसात नेणं, खिचडीच्या ताटल्या लावणं. खेळाचा तास शिक्षा म्हणून कापला जातो, तो सर्वांत मोठा तोटा. ज्याला हालचालीची गरज जास्त त्याचीच हालचाल बंद होते. कौतुक करताना ‘शाब्बास’ पुरत नाही. “तू तीन गणितं न उठता केलीस” असं नेमकं सांगा. मारणं आणि सर्वांसमोर अपमान करणं, दोन्हींना शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने बंदी आहे. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती मनाने बंद करू नका.

आशाताई, भंडारा जिल्हा

स्वमग्न (ऑटिझम असलेली) लेकरं अनेकदा घरून निघून जातात आणि पाण्याकडे ओढली जातात. आपल्या गावात तलाव, बोड्या (लहान तळी), शेततळी, कठडा नसलेल्या विहिरी. म्हणून लेकरू दिसेनासं झालं की आधी पाण्याकडे धावा, नातेवाइकांची घरं नंतर. दोन माणसं दोन पाणवठ्यांवर, हे आधीच ठरवून ठेवा. दाराला बैलाच्या गळ्यातली घुंगरं बांधा, कडी वरच्या बाजूला लावा. शर्टाच्या आत मोबाईल नंबर शिवून ठेवा. पाणवठ्याच्या वाटेवरच्या चार घरांना सांगून ठेवा: “हा एकटा दिसला तर ओरडू नका, हात धरून ठेवा आणि फोन करा.” ओरडलं की ते आणखी जोरात पळतं.

आणि गर्दी, फटाके, डीजे यात लेकरू कान दाबून किंचाळलं, जमिनीवर पडलं, तर ते अंगात येणं नाही आणि हट्टही नाही. आवाजापासून दूर न्या, माणसं पांगवा, बोलणं बंद करा, जवळ बसा. समजावायचं ते तासाभराने. तान्ह्या पोळ्याला त्याचा लाकडी बैल घेऊन सगळ्यांच्या आधी, वाजंत्री यायच्या आत, पूजा करून आणा.

समुपदेशक, यवतमाळ जिल्हा

घरात वडिलांनी आत्महत्या केली असेल तर लेकराला काय सांगायचं, हे आमच्या जिल्ह्यात खूपदा विचारलं जातं. सविस्तर लिहिते.

“बाबा बाहेरगावी गेले” किंवा “देवाघरी झोपले” सांगू नका. पहिल्याने लेकरू वाट पाहत बसतं, दुसऱ्याने त्याला झोपेचीच भीती बसते. लहानग्याला सांगा: “बाबा वारले. त्यांचं शरीर काम करायचं थांबलं. ते परत येणार नाहीत. मी तुझ्याजवळ आहे.” पाच-सहा वर्षांचं लेकरू हेच पुन्हा पुन्हा विचारेल, उत्तरही दर वेळी तेच द्या. थोड्या मोठ्या लेकराला खरं कारण घरच्याच माणसाकडून कळू द्या, कारण हापशीवर ते कळणारच आहे. “बाबांचं मन फार थकलं होतं आणि त्यांनी स्वतःचा जीव घेतला. यात तुझी चूक नाही.” शेवटचं वाक्य कधीच गाळू नका. वह्या मागितल्या, फी मागितली म्हणून बाबा गेले, असं लेकरू मनात धरून बसतं आणि कोणाला सांगत नाही. कसं झालं याचे तपशील नकोत. तेरवीला जमलेली माणसं थोरल्याला “आता तूच घरचा कर्ता” म्हणतात. त्यांना आधीच सांगून ते थांबवा. कर्जाचं बोलणं लेकरांसमोर नको.

शाळेत पहिले दोन-तीन दिवस अर्धा वेळ पाठवा. ते येण्याआधी गुरुजींनी वर्गाला दोनच वाक्यं सांगायची: त्याचे बाबा वारले, त्याला काही विचारू नका, नेहमीसारखं खेळायला घ्या. रडू आलं तर न विचारता उठून कोणाजवळ जाऊन बसायचं, ते माणूस ठरवा. खिचडी शिजवणाऱ्या काकूही चालतील. दप्तरं-सायकली वाटताना ‘आत्महत्याग्रस्त कुटुंबातील’ म्हणून स्टेजवर उभं करून फोटो काढू नका. मदत घरी पोचवा.

महिना-दीड महिना उलटूनही झोप नाही, जेवण नाही, अंथरूण ओलं होतं, खेळणं बंद आहे, तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात दाखवा. “मलाबी बाबाकडे जायचं” असं म्हटलं तर त्याच दिवशी. किशोरवयीन मुलाला सरळ विचारा, “मरावंसं वाटतं का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस सुरू असतो, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८. फवारणीचं औषध घरात उघड्यावर ठेवू नका. कुलपात ठेवा, किल्ली एका मोठ्या माणसाकडे, आणि लागेल तेवढंच आणा.

विशेष शिक्षक, अमरावती जिल्हा

दिव्यांग प्रमाणपत्र आणि सवलतींच्या कागदांबद्दल दोघांनी विचारलं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत; त्यात स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता येतात. नुसत्या अतिचंचलतेचं त्या यादीत वेगळं नाव नाही. दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. लहान वयातलं प्रमाणपत्र बहुधा तात्पुरतं असतं, मुदतीची तारीख दप्तराच्या कप्प्यात लिहून ठेवा. दहावीला लेखनिक आणि जादा वेळ हवा असेल तर नववीतच मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आधार आणि शाळेच्या दाखल्यात नावाचं एक अक्षर वेगळं असलं तरी काम अडतं, ते आधी दुरुस्त करा.

विचारणा, वाशिम जिल्हा: कामासाठी चार महिने कुटुंब बाहेर जातं, तेव्हा हे सगळं कसं टिकवायचं?

विशेष शिक्षक, अमरावती जिल्हा: ताई, ती चार कार्डं, चिमटे आणि सुतळी एका पिशवीत घालून सोबत द्या. तिथे झोपडीच्या दाराला पहिल्याच संध्याकाळी बांधायची. तपासणीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, शिवाय त्यांचे फोटो आईच्या आणि गुरुजींच्या, दोघांच्या मोबाईलमध्ये. निघण्याआधी आठवडाभर लाल कार्ड रोज दाखवा आणि जाण्याची जागा माहीत असेल तर तिचा एक फोटो मागवून घ्या. परत येताना हेच उलट: शाळेच्या फाटकाचं कार्ड आठवडाभर आधीपासून सुतळीवर.