रोमला एकच दिवस, ३० मुलं: क्रम कसा लावावा?

सहलप्रमुख:
नववीची ३० मुलं, ४ शिक्षक, जून महिना. कलोसियम, फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष), पँथिऑन, त्रेवी कारंजं आणि व्हॅटिकनचं संग्रहालय एका दिवसात उरकायचंय. तिकिटं तिथे जाऊन काढली तर चालतील का?

पायपीट:
व्हॅटिकन आधी यादीतून उडवा. ते नदीपलीकडे, शिवाय एकट्या संग्रहालयालाच तीन तास जातात. बाकीचं सगळं पायी होतं.

तिकिटं तिथे जाऊन? मुळीच नको. कलोसियमचं तिकीट नावावर आणि ठरलेल्या वेळेचं असतं. नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. हजेरीपटावरून उतरवलं की वडिलांचं नाव कुठे गळतं, कुठे जास्तीचं शिरतं आणि दारावर खोळंबा होतो. १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे, पण मोफत तिकीटही आधी आरक्षित करावं लागतं. नेमकी इथेच चूक होते: चौघा मोठ्यांची तिकिटं निघतात, मुलांची राहतात.

सकाळची पहिली वेळ घ्या आणि अर्धा तास आधी पोचा, कारण सगळ्यांची तपासणी होते. काचेच्या बाटल्या, मोठ्या सॅक आत नेऊ देत नाहीत. महिन्याचा पहिला रविवार टाळाच. फुकट प्रवेशामुळे तोबा गर्दी असते.

दगडी चौकट:
मुलांना कलोसियमच्या भिंतीतली भोकं दाखवा. त्या गोळ्यांच्या खुणा नव्हेत. दगड सांधणारे लोखंडी आकडे मध्ययुगात उपसून नेले, त्या खाचा आहेत. तळमजल्यावर ८० कमानी होत्या. शाबूत राहिलेल्या उत्तर बाजूला २३ ते ५४ हे दरवाज्यांचे क्रमांक रोमन अंकांत अजून कोरलेले दिसतात. ४४ शोधायला लावा: तिथे शेवटच्या चारासाठी चार उभ्या रेघा (IIII) आहेत, वर्गात शिकवतो तसा चार (IV) नाही.

सावलीशोध:
फोरम त्याच तिकिटात येतं, पण आत एकदाच जाता येतं. स्वच्छतागृहासाठी कुणी बाहेर पडलं तर पुन्हा आत घेत नाहीत, तेव्हा ते आधीच उरकून घ्या. सावली जवळजवळ नाही, वाटेवरचे दगड उंचसखल. चपला नकोत, बूट हवेत. पॅलाटाइन टेकडीवरून फोरमचा नकाशा समजावा आणि मगच खाली उतरावं, नाहीतर मुलांना नुसते खांब दिसतात. रस्त्यावरच्या नासोनी नळांचं पाणी पिण्याचंच आहे. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून पाण्याची धार उडते, तोंड लावायला नको.

पायपीट:
पँथिऑनला दुपारी जा. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची एकच, सुमारे ४३.३ मीटर. माथ्यावरचं भोक उघडंच आहे. पाऊस आत पडतो, फरशीतल्या छिद्रांतून निचरा होतो. आजही ते चर्च आहे: खांदे झाकलेले हवेत, प्रार्थनेच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी हे हमखास आडवं येतं.

सावलीशोध:
त्रेवीपाशी खिसेकापूंपासून जपा. मुलं नाणं टाकायला वळतात तेव्हा सॅक पाठीवर असते; ती पोटावर घ्यायला लावा. पुढे स्पॅनिश पायऱ्यांकडे गेलात तर तिथे बसू देऊ नका, २०१९पासून दंड होतो. मोजणी प्रत्येक ठिकाणी निघण्याआधी करा, निघाल्यावर नव्हे.