मदत हवी आहे: स्ट्रीमिंग सेवेने माझ्याबद्दल बांधलेले अंदाज कसे मागवायचे?

जाहिरातींसह असलेला प्लॅन, एकच खाते, तीन प्रोफाइल. बहिणीचं तान्हं बाळ आठवडाभर आमच्याकडे होतं, तेव्हा रात्री दोन-अडीचला टीव्हीवर अंगाई लावायचो. तेव्हापासून माझ्या प्रोफाइलवर डायपर आणि बाळाच्या दुधाच्या जाहिराती थांबत नाहीत. आमच्या घरात मूल नाही आणि हा विषय आमच्यासाठी हळवा आहे, म्हणून हे मनाला फार लागतं.

पाहिल्याची हिस्टरी पुसली, टीव्हीचा जाहिरात आयडी (जाहिरातदार ज्यावरून टीव्ही ओळखतात तो क्रमांक) रीसेट केला, पडद्यावर काय चाललंय ते ओळखणारं टीव्हीतलं 'एसीआर' आणि 'पर्सनलाइज्ड जाहिराती' दोन्ही बंद केलं. पंधरा दिवस झाले, फरक नाही.

माझा डेटाही डाउनलोड केला. त्यात काय पाहिलं, कधी थांबवलं, कुठलं डिव्हाइस, आयपी पत्ता, सगळं आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष, म्हणजे 'घरात लहान मूल' असा जो काही शिक्का असेल, तो कुठेच नाही.

नवं खातं नको, कारण घरच्या इंटरनेटचा आयपी पत्ता तोच राहणार. प्लॅनही बदलता येणार नाही.

असे शिक्के सेवेकडेच असतात की जाहिरात कंपन्यांकडे? आणि ते दाखवा व पुसा, असं लेखी मागताना नेमके कोणते शब्द वापरायचे?