निम्मी कादंबरी झाली अन् मला खुनी पोरंच आवडायलीत, पुढं वाचू का?

रात्रपाळी (लातूर):
डोना टार्टची 'द सीक्रेट हिस्टरी' वाचायलोय, 1992 ची. इंग्रजी जड जातंय पण सोडवत नाही. सुरुवातीलाच सांगून टाकलंय की बनीला त्याच्यासोबत कॉलेजात ग्रीक शिकणाऱ्या मित्रांनीच मारलं, म्हणजे कोणी मारलं हा प्रश्नच नाही, कामून मारलं एवढंच. तरीबी त्या मारणाऱ्यांचा म्होरक्या हेन्री आला की बरं वाटतंय, अन् बनी फुकट खातो, टोमणे मारतो तर मलाच वाटायलंय जाऊ दे एकदाचा. रूममेट म्हणला तुझं डोकं फिरलंय. खरंच का? शेवट सांगू नका प्लीज.

गोदाकाठ (नांदेड):
फिरलं नाही, लेखिकेनं फिरवलंय 😄 सगळी गोष्ट त्यांच्यातलाच रिचर्ड सांगतोय अन् तो त्या पोरांवर पार भाळलेला. बापाचा पेट्रोल पंप, त्याची लाज, म्हणून थापा. मी संभाजीनगरला शिकायला गेले तेव्हा "पप्पांचा बिझनेस आहे" सांगायचे, बिझनेस म्हणजे पिठाची गिरणी. हिवाळ्याच्या सुट्टीत तो छताला भोक असलेल्या खोलीत गारठून मरायला टेकतो पण कुणाला सांगत नाही, तिथं मी रडले. अन् तिथून त्याला दवाखान्यात कोण नेतं, हेन्रीच ना. मग तो वाईट कसा वाटंल?

उकाडा (बीड):
असल्या पुस्तकांवरून इन्स्टावर 'डार्क अकॅडेमिया' नावाची फॅशन चाललीय, म्हणजे ट्वीडचे जाड लोकरी कोट अन् मेणबत्त्या. मेमध्ये आमच्याकडं कोट घालून दाखवा. मेणबत्त्या आहेत, लाइट रोजच जाते.

बांधावरचा (परभणी):
सगळे बनी बनी करायलेत, त्या शेतकऱ्याचं काय? पोरं रात्री रानात गेली ग्रीकांचा दारूचा अन् धुंदीचा देव डायोनिसस अंगात आणायला, त्या धुंदीत एक शेतकरी मेला, अन् बनीला मारलं ते हेच बाहेर फुटू नये म्हणून. आपल्याकडं अंगात येतं ते गावासमोर, हलगी वाजत असती, धरायला चार बाया असतात. ह्यांनी चोरून केलं अन् नंतर चिंता कशाची तर रक्ताच्या कपड्याची, पोलिसाची. मेलेल्याच्या घरी कोण होतं हे विचारायला कुणाला सवड नाही. आमच्या बांधाशेजारचे काका गेले तेव्हा पेपरात चार ओळी आल्या, त्यातबी गावाचं नाव चुकलं, ते आठवलं. पुस्तक फेकूनच दिलं होतं मी, आठ दिवसांनी उचललं. आता वाटतं लेखिकेनं ते मुद्दामच घाईत उरकलंय, बघावं वाचणाऱ्याच्या तरी ध्यानात येतंय का.

रात्रपाळी (लातूर):
दादा, ते पान परत काढून बघितलं. घरी तीन एकर कोरडवाहू सोयाबीन, अन् तिथून मी मेसच्या डब्याचा विचार करत पुढं गेलो होतो बघा. आता हेन्रीचा राग यायलाय. पण तो आला की पानं भराभर पलटतात ते काही थांबंना.