हौदात बेडूकमासे आणि दुकानातल्या पाणवनस्पती सोडाव्यात का?

रानमळा (सातारा)
अंगणात 6 बाय 4 फुटांचा हौद बांधलाय. मत्स्यालयाच्या दुकानातून पाणवनस्पती, नर्सरीतून कमळाचे कंद आणि कासकडच्या डबक्यातले थोडे बेडूकमासे आणायचे आहेत. वनस्पती माजल्या की मागच्या ओढ्यात सोडल्या तर चालतील ना?

कातळसडा
ओढ्यात तर अजिबात नको. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी पाण्यातून, चिखलातून, ओल्या मुळांतून पसरते. तिचे बीजाणू शेपटीच्या जोरावर पोहतात. बेडकाची कातडी जाड होते, तिच्यातून होणारी क्षारांची ने-आण बिघडते आणि शेवटी हृदय बंद पडतं. बेडूकमाशांत मात्र ती फक्त तोंडाच्या काळ्या शिंगवट कडेला असते. त्यामुळे ते धडधाकट दिसतात आणि बेडूक झाल्यावर मरतात. नुसतं बघून काही कळत नाही.

कमळ बियांपासून लावा. ही बुरशी कोरडेपणा सोसत नाही, म्हणून वाळलेल्या बियांतून ती येत नाही. काष्ठौषधीच्या दुकानातला कमळगट्टा (वाळलेलं कमळाचं बी) घ्या, भाजलेला नको. एक टोक सँडपेपरवर आतला फिकट थर दिसेपर्यंत घासा, कोमट पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला. साधारण आठवड्यात कोंब येतो.

माणकाठ
आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीला जातो. बुरशी जगेल कशी?

कातळसडा
माणदेशात मे महिन्यात अवघडच. पण तिला 17 ते 25 अंश मानवतात आणि पावसाळ्यात पठारांवर तेवढंच तापमान असतं. पश्चिम घाटात ही बुरशी सापडलेली आहे, पण तिचे वाण अनेक आहेत. बाहेरून आलेला नवा वाण किती घातक ठरेल, हे आधी सांगता येत नाही. कोयना-चांदोली भागातल्या कोयना भेक या बेडकाच्या जातीचे बेडूकमासे कातळावरच्या उथळ डबक्यांत वाढतात. एवढ्याशा मुलखातल्या जातीला दुसरीकडे जागा नाही.

ओलसावली
जाळी, बादली, गमबूट यांचंही बघा. आधी चिखल ब्रशनं पूर्ण काढा, कारण चिखलात क्लोरीन वाया जातं. मग 4–5 टक्क्यांचं ताजं घरगुती ब्लीच 1 भाग, पाणी 4 भाग, 15 मिनिटं. त्यात अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. स्वच्छ धुऊन दोन दिवस उन्हात वाळवा. ब्लीचचं पाणी हौदात किंवा ओढ्यात जाऊ देऊ नका, बेडकांना तेही मारतं.

गप्पी सोडू नका, ते बेडकांची अंडी-पिल्लं खातात. डासांच्या अळ्या पाच दिवसांआड बारीक जाळीनं काढा. माजलेल्या वनस्पती गच्चीवर कडकडीत वाळवून खतात घाला, हौदाचं पाणी झाडांच्या आळ्यात ओता. कडेला उतरते दगड रचलेत तर पावसात बेडूक आपणहून येतील.